पक्षकार म्हणतो "साहेबांनी पैसे खाल्ले असं लिहा". सही माझी जाणार, मग निस्तरायचं कुणी?

नवी_सनद

सनद मिळून सव्वा वर्ष झालं. तालुक्याच्या कोर्टात एका सिनियरांकडे बसते. खालच्या हकिकतीतले काही तपशील मुद्दाम बदललेत.

शेताच्या वाटेचा दावा आहे, आम्ही वादीतर्फे. गेल्या महिन्यात निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज नामंजूर झाला. खरं सांगते, हुकूम वाचून मला तो अगदीच अन्यायाचा वाटला नाही. वाटेचा जुना नकाशा आम्ही युक्तिवाद संपल्यावर दाखल केला होता आणि कोर्टाने तेवढंच म्हटलंय की तो वेळेत आला नाही. मी पक्षकाराला म्हटलं, काका, वर किरकोळ अपील करू, मुदत आहे अजून. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच आहे.

त्यांनी एका लग्नात आमच्या कोर्टाच्या साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, आणि प्रतिवादीच्या वकिलांना एका टेबलावर जेवताना पाहिलं. तिथपर्यंत ठीक. त्याच्या पुढची गोष्ट अशी की ५० हजार पोचले. कुणी सांगितलं? त्यांच्या मेव्हण्याने. मेव्हण्याला कुणी सांगितलं? कोर्टासमोरच्या चहावाल्याने. आता त्यांना दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करायचाय आणि अर्जात स्पष्ट लिहायचंय की "न्यायाधीशांनी प्रतिवादीकडून रक्कम घेऊन हुकूम केला".

मी सिनियरांकडे गेले. ते फाईल वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "लिही की. आपण पोस्टमन. पत्रात काय आहे याच्याशी पोस्टमनला काय करायचं? खाली पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र आहेच." मी म्हटलं, मग सही तुम्ही कराल ना? तर म्हणाले, "वकीलपत्रावर तुझंही नाव आहे. तूच कर, शिकशील."

मसुदा पेनड्राइव्हमध्ये पडून आहे. ते एक वाक्य सोडून बाकी सगळं टाइप केलंय. उद्या काका येणार आहेत. हा न्यायालयाचा अवमान माझ्या अंगावर येईल का? सनदेला धोका आहे का? आणि वकीलपत्र सोडायचं झालं तर कसं सोडायचं? १५ हजार ठरलेत, पैकी ५ हजार आलेत.

एलएलबी_तिसरं_वर्ष

मॅडम, आमचा या विषयाचा पेपर नुकताच झालाय, त्यामुळे ताजं आहे. न्यायालय अवमान अधिनियम १९७१, कलम १२: सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण २००६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३ मध्ये सत्य हा बचाव आलाय. म्हणजे पैसे खरंच घेतले असतील तर अवमान नाहीच. आणि नसतील तरी तुम्ही फक्त पक्षकाराची सूचना पाळली. वकिलांच्या आचारनियमांतला नियम १५ सांगतो की वकिलाने पक्षकाराची बाजू निर्भयपणे मांडावी.

फार फार तर सर्वोच्च न्यायालयातले वकील प्रशांत भूषण यांना २०२० मध्ये अवमानात झाला तसा एक रुपया दंड होईल. 😄

जुना_काळा_कोट

ताई, आधी एक काम कर. उद्या काका आले की त्यांना चहा पाज आणि त्या पेनड्राइव्हला हात लावू नकोस.

पेपर झालेल्या भावाला: नियम १५ तू वाचलास, त्याच प्रकरणातला नियम ४ राहिला वाटतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांचा भाग ६, प्रकरण २. वकिलाने स्वतःला पक्षकाराचं निव्वळ मुखपत्र समजू नये, लिहिण्यात संयम ठेवावा, अर्जांतून गलिच्छ हल्ले करू नयेत, आणि गैरमार्गाचा हट्ट न सोडणाऱ्या पक्षकाराचं काम सोडावं, हे सगळं त्या एका नियमात आहे. ताईच्या सिनियरांचा पोस्टमन तिथेच मेला.

आणि तो एक रुपया. ३१ ऑगस्ट २०२० चा तो आदेश पूर्ण वाच. रुपया भरला नाही तर तीन महिने कैद आणि तीन वर्षं सर्वोच्च न्यायालयात वकिलीला बंदी, असा तो होता. शिवाय तो माणूस आपल्या नावावर, आपल्या मताने बोलला होता. चहावाल्याच्या ऐकीव गोष्टीखाली त्याने सही केली नव्हती.

आता माझी गोष्ट. ही मी माझ्या प्रत्येक जुनियरला सांगतो, म्हणून पाठ झाली आहे.

१९९१ साल. माझी सनद दोन वर्षांची. विदर्भातलं जिल्ह्याचं ठिकाण. एका घरभाड्याच्या मॅटरमध्ये पक्षकार तणतणत आला. न्यायाधीश विरुद्ध पक्षाला मिळालेत, अर्ज करा, वर्ग करून मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांपुढे अर्ज तयार केला. इंग्रजीत. त्या काळी माझं इंग्रजी माझ्या अकलेपेक्षा बरं होतं. चौथ्या परिच्छेदात मी असं एक झोकदार वाक्य टाकलं की न्यायाधीशांनी "बाह्य कारणांसाठी" मन आधीच बनवलंय. पक्षकार नुसता "ते मिळालेत" म्हणाला होता. झोक माझा होता.

जिल्हा न्यायाधीशांनी बोर्डावर मॅटर पुकारलं. चष्मा काढला. "वकीलसाहेब, परिच्छेद चार. बाह्य कारणं म्हणजे कोणती?"

मी म्हटलं, "सर, पक्षकाराची तशी सूचना आहे."

"मी पक्षकाराला विचारलं नाही. सही कुणाची आहे?"

कोर्ट हॉल भरलेला होता. मागच्या बाकावर माझेच वर्गमित्र. मी काही बोललो नाही. त्यांनी दोघांना नोटीस काढली, मला आणि पक्षकाराला, की हे प्रकरण उच्च न्यायालयाकडे का पाठवू नये.

पुढच्या तारखेला पक्षकाराने दुसरा वकील लावून म्हणणं दाखल केलं. दोन ओळी होत्या. मला इंग्रजी समजत नाही. वकिलांनी जे लिहिलं त्यावर मी विश्वासाने सही केली. बस्स. तो खोटं बोलत होता असं आजही म्हणवत नाही मला. "बाह्य कारणं" हा शब्द त्याला खरंच माहीत नव्हता.

माझे गुरुजी त्या वेळी सत्तरीचे. त्यांनी मला रागावलं नाही, नुसतं कपाट दाखवलं. म्हणाले, १९५५ चा एआयआर, म्हणजे निकालांचा छापील खंड, काढ, सुप्रीम कोर्टाचं पान १९. एम. वाय. शरीफ विरुद्ध नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. आपल्या नागपूरचीच केस. दोन वकिलांनी दुसऱ्या बेंचकडे प्रकरण वर्ग करण्याचा अर्ज सही करून दिला होता, त्यात न्यायाधीशांवर आरोप होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय की वकिलांच्या एका वर्गाचा असा चुकीचा समज आहे, की पक्षकाराच्या सूचनेवरून न्यायालयाची बदनामी करणाऱ्या अर्जावर सही केली तरी आपण आपलं कर्तव्यच करतो. आरोपांना सकृतदर्शनी पुरेसा आधार आहे की नाही याची स्वतः खात्री न करता सही करणारा वकील स्वतः अवमानाचा दोषी ठरतो. आणि पक्षकाराप्रती कर्तव्य व न्यायालयाप्रती कर्तव्य यांत ओढाताण झाली, तर न्यायालयाकडचं वरचढ.

ताई, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच, आणि ते १९५४ साली देऊन झालंय. निकाल ५४ चा, छापला ५५ मध्ये.

त्या दोघांनी नंतर बिनशर्त माफी मागितली, ती स्वीकारली गेली, दंड रद्द झाला आणि कडक समज मिळाली. मीही माफी लिहिली. पहिल्या मसुद्यात मी "भावना दुखावल्या असल्यास" असं लिहिलं होतं. गुरुजींनी "असल्यास" खोडलं. म्हणाले, "असल्यास काय? दुखावल्या आहेत की नाहीत हे तुला ठाऊक नाही का?" जिल्हा न्यायाधीशांनी माफी घेतली, प्रकरण वर गेलं नाही. नोटीस ते माफी, चार महिने. तेवढ्या काळात मी वडिलांना एकदाही सांगितलं नाही की मला नोटीस आहे. ते मास्तर होते. गावात सगळ्यांना सांगत फिरायचे, पोरगा वकील आहे.

त्या अर्जाची प्रत अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

सात_बारा_वाला

मी वकील नाही. १४ वर्षं एका बांधाच्या दाव्यात तारखा खातोय. सगळं वाचलं आणि एवढंच कळलं की वकील वकिलाला वाचवतो आणि दोघं मिळून न्यायाधीशाला.

पैसे खरंच घेतले असतील तर? त्या काकांनी कुठे जायचं? पुरावा आणा म्हणता. लाच घेणारा पावती देतो का? ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच अवमान म्हणणार. मग आमच्यासारख्याने तोंड शिवून घ्यायचं का? ताई, तुम्ही त्या काकांचे पैसे घेतलेत हे लक्षात ठेवा.

निवृत्त_शिरस्तेदार

मी २९ वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली बरीच जिल्हा न्यायालयात. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, नवीन वकिलांना ती माहीत नसते.

कलम २४ चा अर्ज आला की बहुतेक वेळा जिल्हा न्यायाधीश खालच्या साहेबांचे अभिप्राय मागवतात. म्हणजे तुमच्या अर्जाची नक्कल बंद पाकिटातून त्याच साहेबांच्या टेबलावर जाते. मी अशी पाकिटं स्वतः नेली आहेत. साहेब पाकीट फोडतात, वाचतात आणि पहिल्यांदा शेवटच्या पानावर जातात. खाली सही कुणाची आहे ते बघायला. पक्षकाराचा अंगठा त्यांना दिसतसुद्धा नाही. अर्ज नामंजूर झाला तर तुमचा दावा त्याच साहेबांपुढे चालणार असतो, आणि तुमचे बाकीचे दावेही. कायद्याने त्याचा परिणाम व्हायला नको. साहेब लोक तसा होऊ न देण्याचा प्रयत्नही करतात, मी पाहिलंय. पण माणूसच आहे.

लग्नाचं म्हणाल तर तालुक्याला एकच मंगल कार्यालय असतं. पत्रिका सगळ्यांनाच येते.

जुना_काळा_कोट

शिरस्तेदारसाहेबांनी पाकिटाचं सांगितलं ते शंभर टक्के.

सात-बारावाल्या दादांना नीट उत्तर देतो, कारण त्यांचा राग खोटा नाही. दादा, लाच घेणारा न्यायाधीश असूच शकत नाही असं कोणी म्हणत नाही. तुमचं म्हणणं पोचवायची वाट याच कायद्यात आहे. १९७१ च्या अधिनियमाचं कलम ६: खालच्या न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याविरुद्ध सद्‍भावनेने उच्च न्यायालयाकडे तक्रार केली तर तो अवमान होत नाही. वकिलांच्या नियमांतला तर पहिलाच नियम म्हणतो की न्यायिक अधिकाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रारीला योग्य कारण असेल, तर ती योग्य अधिकाऱ्यांपुढे मांडणं हा वकिलाचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. म्हणजे गप्प बसणं हेसुद्धा नियमात बसत नाही. पण तक्रार करणाऱ्याने आपल्या नावाने, आपल्या प्रतिज्ञापत्रावर, तपासता येईल असं काही हातात घेऊन जायचं. चहावाला काय म्हणाला हे नाही. चहावाला स्वतः यायला तयार असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

दाव्याच्या अर्जात तो आरोप घुसवला की तक्रारीची चौकशी कुणी करत नाही, नुसता चिखल उडतो. हा फरक दादा तुम्ही १४ वर्षांत माझ्यापेक्षा जास्त पाहिला असेल.

आता लग्नाची पंगत. इथे ताईला खरी मदत आहे. १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, गोबिंद राम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. दंडाधिकाऱ्याची वकील असलेल्या पक्षकाराशी मैत्री आहे, तो त्याच्याकडे पाहुणचार घेतो, एवढं म्हणणं म्हणजे अवमान नव्हे. त्याला गैरहेतू चिकटवून न्यायालयाचीच बदनामी होईल असं लिहिलं तर तो अवमान. रेघ तिथे ओढली आहे. म्हणजे काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते, "अमुक तारखेला अमुक ठिकाणी मा. न्यायाधीश व प्रतिवादीचे वकील एकत्र भोजन करत असताना अर्जदाराने पाहिले, त्यामुळे अर्जदाराच्या मनात भीती निर्माण झाली आहे", एवढं तू लिहू शकतेस. तारीख खरी, ठिकाण खरं, पाहणारा स्वतः अर्जदार. "रक्कम" हा शब्द आला की रेघ ओलांडली. अर्ज मंजूर होईल असं मी म्हणत नाही. एका टेबलावरच्या जेवणावर दावे वर्ग व्हायला लागले तर आमच्या जिल्ह्यात एकही दावा जागेवर राहणार नाही.

सत्याच्या बचावाबद्दल: कलम १३ मध्ये नुसतं "खरं आहे" चालत नाही. ते लोकहितासाठी आहे आणि बचाव सद्‍भावनेने घेतलाय अशी न्यायालयाची खात्री पटली तरच न्यायालय तो घेऊ देतं. आणि खरं ते शाबीत करावं लागतं. कशाने, मेव्हण्याने?

सनदेचं. विद्यार्थ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. १९९५ मध्ये विनय चंद्र मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अवमानासाठी कैद सुनावली, ती स्थगित ठेवली, पण वकिली तीन वर्षं बंद केली. ते गृहस्थ त्या वेळी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते, बोला. मग १९९८ मध्ये सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या निकालात घटनापीठाने तो भाग उलटवला: अवमानाची शिक्षा म्हणून न्यायालय सनद काढू शकत नाही, ते काम अधिवक्ता अधिनियम १९६१ खाली बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचं. आपल्यासाठी म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. कलम ३५: तक्रार फेटाळणं, ताकीद, काही काळ निलंबन किंवा नाव कमी करणं. तिथून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि पुढे पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. म्हणून "सनदेला धोका नाही" असं समजू नकोस. एकाच वाक्याने दोन दारं उघडतात, एक उच्च न्यायालयाचं, एक बार कौन्सिलचं. खालच्या न्यायालयाच्या अवमानात शिक्षा उच्च न्यायालयच देतं. फौजदारी अवमान असेल तर खालच्या कोर्टाने पाठवल्यावर किंवा महाधिवक्त्यांनी मांडल्यावर, आणि ऐकायला किमान दोन न्यायमूर्ती.

माफीवरून एक आठवलं, विषयाला सोडून आहे पण सांगतो. १९१९ मध्ये अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची शपथ घेतलेल्या वकिलांबद्दल उच्च न्यायालयाला खाजगी पत्र लिहिलं होतं. गांधींनी ते "यंग इंडिया"त टिप्पणीसह छापलं. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्यावर अवमानाचं प्रकरण चाललं. न्यायालयाने सांगितलेली माफी मागायला त्यांनी नकार दिला, १९२० मध्ये कडक समज देऊन सोडलं. आमचे बारमधले दोन-तीन वीर हा दाखला देत फिरतात. अरे, ते आपल्या सहीसाठी उभे होते. तुम्ही आधी म्हणता पक्षकाराने सांगितलं, आणि मग गांधी होता.

आणि हो ताई, रागावू नकोस. तपशील बदललेस ते बरं केलंस, पण यापुढे पक्षकाराने काय सांगितलं हे असं उघड्यावर लिहू नकोस. पक्षकाराचं बोलणं गुप्त ठेवायचं हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. आमच्या काळी हे प्रश्न सिनियरला विचारायचो. तुझ्या सिनियरांना विचारून काय झालं ते दिसतंच आहे, म्हणून माफ.

नवी_सनद

सर, लक्षात ठेवते.

काका आज आले होते. मी त्यांना एकच विचारलं: काका, ५० हजार देताना तुम्ही पाहिलं? ते म्हणाले, "असं कोण पाहतं, ताई?" मग मी पंगतीचा परिच्छेद वाचून दाखवला, सर म्हणाले तसा. त्यांना तो मिळमिळीत वाटला. "यात दम नाही," म्हणाले. उच्च न्यायालयाकडे तुमच्या नावाने तक्रार करू, मी मसुद्यात मदत करते, असंही सांगितलं. तर म्हणाले, "माझ्या नावाने कशाला? तुम्ही वकील ना?"

अपीलाची मुदत अजून ११ दिवस आहे हे तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

मी सोडायचं ठरवलंय. कसं सोडू?

जुना_काळा_कोट

"माझ्या नावाने कशाला." हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकतोय.

सोडताना घाई नको. वकीलपत्र आपण मनात सोडलं म्हणून सुटत नाही. सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, ऑर्डर ३ रूल ४ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते, तोवर तू त्यांची वकील. नियम १२ म्हणतो, पुरेसं कारण हवं आणि पक्षकाराला वाजवी पूर्वसूचना हवी, आणि न कमावलेली फी परत करायची. तेव्हा आधी लेखी पत्र, पोस्टाने, पोचपावतीसह. पत्रात अपीलाची शेवटची तारीख ठळक लिही, उद्या ते म्हणतील वकिलांनी सांगितलंच नाही. मग कोर्टात अर्ज. त्यात कारण काय लिहायचं? "पक्षकाराशी मतभेद." पुढे एक अक्षर नको. साहेबांनी विचारलं तरी नको. ते साहेबांवरच काय आरोप करणार होते हे तू साहेबांना सांगितलंस, तर कलम १३२ तूच मोडलंस.

कागद सगळे परत. उरलेल्या फीसाठी फाईल अडवून ठेवायची नाही, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सन २०००, फीसाठी पक्षकाराच्या कागदांवर वकिलाला ताबा ठेवता येत नाही. तुझे सिनियर म्हणतील ठेव. नको ठेवू.

सात_बारा_वाला

ते फी परत करायचं खरंच नियमात आहे? आमच्या पहिल्या वकिलाने फाईलसुद्धा दिली नव्हती.

जुना_काळा_कोट

आहे दादा. नियम १२. फाईलचं वर लिहिलंच. बार कौन्सिलकडे तक्रार करता आली असती, कलम ३५.

नवी_सनद

काय झालं ते कळवते, कारण सगळ्यांनी वेळ दिला. काका कसे वागले ते आता लिहीत नाही, फक्त माझ्यापुरतं.

पत्र पाठवलं, पावती आली. ५ हजारांतले ३ हजार परत केले, दोन निशाणी ५ च्या कामाचे ठेवले. कोर्टाने परवानगी दिली, एक प्रश्नही विचारला नाही. सिनियरांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं मोजकंच केलंय. चहा येतो, पण आता माझा कप वेगळा येतो.

काल दुपारी बाररूममध्ये एक मुलगा आला. काळा कोट अजून कडक, घडीची रेघ दिसणारा. हातात माझीच फाईल. माझी हरकत नसल्याची सही हवी होती. आधी माझं वकीलपत्र होतं म्हणून विचारायला आला, म्हणजे नियम ३९ कुणीतरी शिकवलाय त्याला. मी सही दिली. अपील दाखल झालं का विचारलं. म्हणाला, "त्याची आता गरज नाही मॅडम, ट्रान्सफर अर्ज करतोय," आणि अर्ज पुढे केला, एकदा नजर घाला म्हणून.

माझाच मसुदा होता. "वहिवाट" ऐवजी "वाहिवाट" झालेली माझी टायपिंगची चूकसुद्धा तशीच. फक्त चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य वाढलं होतं. शेवटच्या पानावर त्याचं नाव टाइप केलेलं, वर सहीची जागा मोकळी.

मी त्याला विचारलं, सनद कधीची? सात महिने, म्हणाला. पेन्सिलने त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं: एआयआर १९५५, सुप्रीम कोर्ट, पान १९. शिवाय अपीलाचे चार दिवस उरलेत, तेही लिहिलं.

त्याने वाचलं, अर्जाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "बघतो मॅडम."